नऊ ओळींचं एक वाक्य आणि नववीचा वर्ग

ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे कंबर परवानगी देते तितकंच. उरलेला नमस्कार समजून घे.) तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? आणि भाऊजींच्या कानाचं काय झालं? मागे फोनवर मी त्यांना ‘तब्येत कशी आहे’ असं तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा त्यांनी ‘साडेदहा’ असं उत्तर दिलं. कानाचं मशीन ते एक तर लावत नाहीत, नाही तर लावून बंद ठेवतात. बंद का ठेवत असतील याबद्दल मी काही बोलणार नाही, कारण हे पत्र तुझ्या हातात आधी पडेल. इकडे आम्ही सगळे ठीक. हिचा खोकला गेला, माझा आला, घरातला खोकला घरातच राहिला.

त्याच फोनवर तू मला ‘शाळा कशी चाललीय’ असं विचारलंस आणि मी ‘ठीक’ म्हणालो. ते खरं नव्हतं. खोटंही नव्हतं, पण फोनवर सांगण्याजोगं नव्हतं. तू स्वतः चौतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली बाई, तुला अर्धवट सांगितलं असतं तर तू उरलेलं अर्धं स्वतःच्या मनाने रचून मला फैलावर घेतलं असतंस. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. चहा घेऊन बस.

माझा नववीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्यात आहे. बेचाळीस मुलं, दोन पंखे (एक फिरतो, दुसरा नुसता आवाज करतो), आणि एका पायाने लंगडं टेबल, ज्याच्या त्या पायाखाली गेल्या वर्षीची उरलेली प्रश्नपत्रिका घडी करून सरकवलेली आहे. या खोलीत मी एकोणीस वर्षं इंग्रजीतल्या कर्तरी प्रयोगाचा कर्मणी प्रयोग करायला शिकवत आलोय. मांजराने उंदीर मारला. उंदीर मांजराकडून मारला गेला. दर वर्षी तीन तुकड्या, दर तुकडीत निदान दहादा उजळणी. त्या मांजराने आजवर किती उंदीर मारले याचा हिशोब केला तर गोदाम रिकामं होईल. मुलं पटापट वाक्यं फिरवतात, मी बरोबरची खूण करतो, सगळे खूश. माझा याच धड्यावर विशेष जीव, हे तुला माहीतच आहे. निबंधात माणूस गडबडतो, कवितेत तर विचारूच नको, पण वाक्य फिरवण्यात एकच उत्तर असतं आणि ते माझ्याकडे असतं.

तर महिन्या-दीड महिन्यापूर्वीची गोष्ट. मी फळ्यावर उंदीर लिहिला आणि मांजर लिहिणार एवढ्यात दुसऱ्या बाकावरून हात वर आला. हात कुणाचा हे बघायचीही गरज नव्हती. आमच्या वर्गात एक मुलगी आहे, जिचं प्रत्येक वाक्य ‘पण सर’ने सुरू होतं, त्यामुळे सगळी शाळा तिला ‘पणसर’ म्हणूनच ओळखते. (हजेरी घेतानाही माझ्या तोंडून एकदा तेच नाव गेलं. ती ‘हजर’ म्हणाली.) पणसर उभी राहिली आणि म्हणाली, “पण सर, कर्ताच नसला तर वाक्य उलटं कसं फिरवायचं?”

मी म्हटलं, कर्ता नसतो असं कसं होईल, नीट बघ. तर तिने दप्तरातून एक घडी घातलेला कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला. तिची आई शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कॉलर लावायचं काम करते. अकरा वर्षं नुसत्या कॉलरी. आदल्या दिवशी चहाच्या सुट्टीत सुपरवायझरने सगळ्या बायकांना एकेक इंग्रजी कागद वाटला होता आणि ‘नेहमीचंच आहे, खाली सही करा’ म्हणून सांगितलं होतं. बाकीच्यांपैकी सहाजणींनी केल्याही. पण ही बाई म्हणाली, “माझी मुलगी नववीत इंग्रजी शिकते, तिला आधी दाखवते.”

ताई, हे वाक्य मी तीनदा लिहून बघितलं, पण ज्या सहजपणे पणसरने मला ते सांगितलं, तसं ते लिहिता येत नाही. त्या माऊलीला वाटलं होतं की नववीत इंग्रजी शिकणाऱ्या मुलीला इंग्रजीत लिहिलेला कागद वाचता येईल. यात तिचं काय चुकलं? मुलीने रात्री जेवणं झाल्यावर कागद उघडला आणि जे तिला शिकवलं होतं ते इमानदारीने केलं. वाक्य कर्मणी आहे हे ओळखलं, ते कर्तरी करायला गेली, आणि कर्ता सापडेना म्हणून अडून बसली.

मी कागद रुबाबात उचलला आणि माझ्या त्या ठेवणीतल्या आवाजात वाचून दाखवला. आवाज चांगला लागला. वाचून संपल्यावर लक्षात आलं की मला काही कळलेलं नाही. अक्षरशः काही नाही. तेव्हा मी आपल्या धंद्यातली जुनी युक्ती वापरली. चष्मा काढला, वर्गाकडे बघितलं आणि विचारलं, “याचा अर्थ कोण सांगेल?” बेचाळीस माना खाली गेल्या. थोड्या वेळाने त्रेचाळिसावीही गेली.

कागदावर अख्खं एकच वाक्य होतं, नऊ ओळींचं. आपल्या भाषेत सांगायचं तर साधारण असं: ज्या अर्थी उक्त विभागाचे स्थलांतर करण्याचे ठरविण्यात आले आहे, आणि ज्या अर्थी त्याबाबत विहित मुदतीत हरकत नोंदविण्यात न आल्यास सेवा स्वेच्छेने सोडण्यात आली असल्याचे गृहीत धरण्यात येईल... आणि असंच पुढे. मी ते फळ्यावर उतरवून घेतलं. फळा संपला तरी वाक्य संपेना. शेवटचे चार शब्द लाकडी चौकटीवर लिहावे लागले, ते अजून पुसले जात नाहीत.

मग आम्ही त्या वाक्याचे तुकडे पाडायला लागलो. एकेक शब्द धरायचा, हा कशाला चिकटलाय ते शोधायचं, बाजूला ठेवायचा. माझा तास संपला. पुढचा तास गणिताच्या बाईंचा. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या, फळ्याकडे बघितलं आणि मला वाटलं आता माझी खैर नाही, कारण तास सोडायच्या बाबतीत या बाई फार कडक आहेत. (त्यांनी एकदा आगीच्या सरावातही ‘हे उदाहरण संपू दे’ म्हणून वर्ग थांबवला होता.) पण त्या आत आल्या, शेवटच्या बाकावर बसल्या आणि विचारलं, “मुदत किती दिवसांची आहे?” आम्ही म्हटलं पंधरा. “कुठल्या तारखेपासून? हातात पडल्यापासून की वर लिहिलेल्या तारखेपासून?” कुणी वर बघितलंच नव्हतं. वरची तारीख अकरा दिवसांपूर्वीची होती. बाईंनी खडू घेतला, कोपऱ्यात वजाबाकी मांडली आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्या. चार दिवस. त्यात एक रविवार.



तुकडे जोडून जो अर्थ निघाला तो असा. कॉलरचा विभाग शहराबाहेर, दीड तासावर हलवणार. ज्यांना मान्य नाही त्यांनी लेखी कळवायचं. न कळवलं तर तुम्ही नोकरी आपणहून सोडली असं धरणार. आणि खाली सही केली तर हे सगळं मला मान्य आहे, असं तुम्हीच म्हटलं. म्हणजे सही केली तरी घात आणि नुसती गप्प बसली तरी घात. सहाव्या ओळीत आणखी एक गंमत होती. सेवा सोडणाऱ्याने कंपनीचं वाहन आणि त्याच्या किल्ल्या परत कराव्यात. यावर मुलांनी बराच खल केला. संध्याकाळी पणसरची आई फाटकापाशी आली तेव्हा मीच घाबरत तिला विचारलं, तर ती माझ्यापेक्षा जास्त घाबरली. म्हणाली, “गाडी? सर, मी सायकलवर कधी बसले नाही, गाडी कुठली?”

पण खरी मेख पणसरनेच काढली. सगळा अर्थ लागल्यावर ती फळ्यापाशी गेली आणि तिने दोन जागी बोट ठेवलं. मग म्हणाली, “पण सर, ‘ठरविण्यात आले आहे’, ‘गृहीत धरण्यात येईल’, हे कोणी ठरवलं, कोण धरणार, ते कुठेच नाही. ते नाव लिहायला लागू नये म्हणूनच वाक्य असं केलंय का?”

आता तू हसशील. पण ताई, एकोणीस वर्षांत मी हे एकाही मुलाला सांगितलेलं नाही, कारण ते मला स्वतःला सुचलेलं नाही. वाक्य कसं फिरवायचं हे मी पाठ करून घेतलं. माणसं वाक्य का फिरवतात हे विचारलंच नाही. उंदीर मारला गेला, एवढंच सांगून मांजर कसं सटकतं, ते मला एका चौदा वर्षांच्या मुलीने दाखवलं. मी म्हटलं, “हो. म्हणूनच.” आणि फळा पुसायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

मग उत्तर लिहायचं ठरलं. पत्रलेखन हा आमचा नेहमीचा आठ गुणांचा प्रश्न, तेव्हा मला काळजी नव्हती. मी पहिल्या नंबरच्या मुलाला मसुदा करायला सांगितला. त्याने सुंदर अक्षरात पाच मिनिटांत पत्र आणून दिलं. त्यात पणसरच्या आईला कालपासून ताप होता आणि म्हणून ती दोन दिवस शाळेत येऊ शकणार नव्हती. त्या बिचाऱ्याला मी रागावू शकलो नाही. इंग्रजीत पत्र म्हणजे आजारपणाच्या रजेचा अर्ज, याखेरीज मी काय शिकवलंय? दुसऱ्या मसुद्यात ‘आपला अत्यंत आज्ञाधारक’ होतं, तिसऱ्यात ‘आपल्या चरणी’. चौथ्यापासून आम्ही शोभेचे शब्द काढून टाकायला लागलो आणि शेवटी चार वाक्यं उरली. मी नोकरी सोडलेली नाही. मला ती सोडायची नाही. माझ्याकडे कंपनीचं कोणतंही वाहन नाही. हा निर्णय कोणी घेतला ते मला लेखी कळवावं.

मी शेवटी सवयीने ‘मी आपली आभारी राहीन’ असं पाचवं वाक्य घातलं होतं. दुसऱ्या दिवशी पणसरने आईला प्रत्येक वाक्याचा अर्थ सांगितला, कारण न कळता सही करायची नाही हे आता ठरलेलंच होतं. आईने पाचव्या वाक्यावर बोट ठेवलं. “कशाबद्दल आभार?” तिने विचारलं. मी पेन उघडलं आणि वाक्य काढलं.

पत्र द्यायला मी बरोबर यावं असं पणसरच्या आईचं म्हणणं पडलं. मला नाही म्हणता आलं नाही. (खरं तर आलं असतं, पण मागे बेचाळीस मुलं उभी होती.) कारखान्यात एका लांब दालनात ओळीने शिवणयंत्रं, हवेत कापडाचा बारीक धुरळा, आणि टोकाला मॅनेजरची काचेची खोली. मॅनेजर म्हणजे कुणी राक्षस असेल अशी मनाची तयारी करून गेलो होतो. निघाला माझ्याच वयाचा, टक्कल पडलेला, डब्यातलं केळं खाणारा साधा गृहस्थ. त्याने मला इंग्रजीत विचारलं, आपण कोण? ताई, मी अठ्ठेचाळीस वर्षांचा झालो, एकोणीस वर्षं हा विषय शिकवतोय, आणि अनोळखी माणसाने मला इंग्रजीत प्रश्न विचारायची आयुष्यातली ती पहिलीच वेळ. दुपारचे तीन वाजले होते आणि मी त्याला ‘शुभ सकाळ’ म्हणालो. त्यानंतर मी माझं नाव, वडिलांचं नाव, शाळेचं नाव आणि आवडता छंद सांगितला. स्वतःची ओळख करून देण्याचा तेवढा एकच उतारा मला तोंडपाठ आहे. मॅनेजर केळं हातात धरून ऐकत राहिला. पणसरच्या आईने माझ्याकडे पाहिलं आणि पत्र स्वतःच पुढे सरकवलं.

त्याने पत्र वाचलं. ‘वाहन’ या शब्दापाशी थांबला. “कसलं वाहन?” असं त्याने आपल्या भाषेत विचारलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला आणि मीही आपल्या भाषेत म्हटलं, “साहेब, तेच विचारायला आलोय. तुमच्या कागदातली सहावी ओळ जरा समजावून सांगता?” त्याने स्वतःच सही केलेला कागद घेतला. एकदा वाचला. चष्मा बदलून पुन्हा वाचला. आणि ताई, मी शपथेवर सांगतो, त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी माझ्या वर्गातली बेचाळीस तोंडं एकदम पाहिली. त्याने कारकुनाला बोलावलं. कारकून म्हणाला, मजकूर जुन्या फायलीतून घेतलाय. जुन्या फायलीत कुठून आला? तर आधीच्या साहेबांनी कुठल्याशा मालवाहतूक कंपनीतून येताना सोबत आणलेला, ट्रक ड्रायव्हरांसाठी. चांगलं भारदस्त इंग्रजी आहे म्हणून सगळे तेच वापरतात. वाचलं कुणीच नव्हतं. सही करणाऱ्याने नाही, टाइप करणाऱ्याने नाही, वाटणाऱ्याने नाही. वाचलं ते फक्त नववीच्या वर्गाने.

एका दमात सगळं गोड झालं असं मात्र समजू नकोस. विभाग हलणार तो हलणारच होता आणि हललाही. ठरवलं कुणी, तर मालकांनी. ते नाव पुढच्या कागदावर आलं. पण नोटिसा परत घेतल्या गेल्या. (बघ, मीही कर्मणीत लिहायला लागलो. मॅनेजरने परत घेतल्या.) नवी नोटीस सगळ्यांना कळेल अशा भाषेत निघाली. सही केलेल्या सहाजणींपैकी पाचजणींचे कागद परत मिळाले. सहावी तोवर घाबरून एका दुकानात कामाला लागली होती, ती आलीच नाही. पणसरच्या आईला इथेच कटिंग विभागात घेतलं. कॉलरी सुटल्या याचं तिला वाईटही वाटलं, अकरा वर्षांचा हात आहे.

त्यानंतर माझं जे झालं ते ऐक. दोन दिवसांत आमच्या फाटकाशी पालक कागद घेऊन उभे राहायला लागले. औषधाच्या खोक्यातलं घडीचं पत्रक, गॅरंटीची कार्डं, भाडेकरार, विम्याची चोपडी, एका आजोबांना परदेशातल्या नातवाने पाठवलेलं वाढदिवसाचं कार्ड. (आजोबांनी ते तीन महिने उशाखाली जपून ठेवलं होतं. त्यात ‘गुडघ्याला जप, मी लवकर येतो’ एवढंच होतं. मुलांनी मोठ्याने वाचल्यावर ते म्हणाले, परत वाचा.) वर्ग असा पेटला की मधल्या सुट्टीतही मुलं उठेनात. पाच आठवडे आम्ही पाठ्यपुस्तक उघडलं नाही.

साहजिकच मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावलं. मी तयारीनेच गेलो. म्हटलं, बाई, नववीतल्या मुलाने इंग्रजीच्या वर्गातून काय घेऊन बाहेर पडावं? आईला तिचा कागद वाचून दाखवता यावा. आपलं म्हणणं चार वाक्यांत मांडता यावं आणि त्यात ताप नसावा. कळलं नाही तर ‘कळलं नाही’ असं न लाजता म्हणता यावं, कारण न कळणारे सगळेच असतात, काचेच्या खोलीतलेसुद्धा. आणि कुणी नाव लपवत असेल तर ते ओळखता यावं. मी चांगली दहा मिनिटं बोललो. मोठ्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “सर, अगदी पटलं. परीक्षा कधी आहे?”

असो. एकूण मी समाधानात आहे. आयुष्यात पहिल्यांदाच मला माझा विषय शिकवता येतोय असं वाटतं, आणि तुझा सल्ला किंवा मदत यांची मला कसलीही अपेक्षा नाही. नुसतं कळावं म्हणून लिहिलं. गुडघ्याला जप. भाऊजींना नमस्कार मोठ्याने सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. – परीक्षेला सात आठवडे उरलेत आणि माझे सहा धडे आणि चारही कविता राहिल्यात. धडे मी कसेही ओढून नेईन. कवितांसाठी तू पंधरा दिवस येऊ शकशील का? एकोणीस वर्षांत मी एकही कविता शिकवलेली नाही, फक्त कठीण शब्दांचे अर्थ लिहून दिलेत. हे इतर कुणाला सांगू नकोस.

ता. क. दुसरा – तू येत्या सोमवारपासून येतेयस असं मी मोठ्या बाईंना सांगून टाकलंय. त्यांनी वेळापत्रकात तुझं नाव घातलं. वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे हे मला नंतर आठवलं; पण मुलांनी खाली ग्रंथालयात बसायचं कबूल केलंय.

ता. क. तिसरा – पत्र बंद करत होतो तेवढ्यात पणसरची आई येऊन गेली. मला वाटलं नवा कागद घेऊन आली असेल. हात रिकामेच होते. जरा घुटमळून म्हणाली, “सर, पोरगी आधी घरी गाण्यासारखं काहीतरी म्हणत बसायची, तुमच्या पुस्तकातलं. अर्थ मला कळायचा नाही, पण माझं मशीन त्याच्या तालावर चालायचं. हल्ली नुसत्या नोटिसा वाचते. ते दुसरं परत कधी सुरू होणार?” मी तिला सोमवार सांगितलाय.